वखारीचे तीन ठसे

आत्याच्या बोटातली अंगठी काही केल्या निघेना.

"साबण लाव," बाबा म्हणाले.

"दोनदा लावून झाला. नवरा गेला तेव्हासुद्धा निघाली नव्हती ही, तुमच्या कागदासाठी निघेल होय?"

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिकेच्या दाराबाहेर एक बेसिन आहे. कागद हाताळायला आत जाणाऱ्याने आधी इथे हात धुवायचे, कोरडे करायचे, घड्याळ आणि अंगठ्या काढून कप्प्यात ठेवायच्या आणि पेनसुद्धा बाहेरच ठेवायचं. आत फक्त शिसपेन्सिल चालते. शिसं खोडता येतं, शाई खोडता येत नाही, एवढं साधं कारण. हा नियम भिंतीवर लावणारी बाई म्हणजे आत्याची भाचीच. मुद्राचित्रं आणि रेखाटनं या विभागाची ती अभिरक्षक होती. साडेअकरा हजार कागद अंधाऱ्या कपाटांत आडवे ठेवलेले, त्यांची काळजी तिच्याकडे. इथे तिला सगळे मॅडम म्हणत. घरी ती बावन्न वर्षांची झाली तरी छकुलीच होती.

"राहू दे आत्या," ती म्हणाली. "तू हात लावू नकोस. नुसतं बघ."

"जन्मभर मी हेच सांगत आले लोकांना. हात लावू नका, नुसतं तोंड उघडा."

आत्या दातांची डॉक्टर. चाळीस वर्षं समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय लागल्यामुळे कुणी उत्तर देईल अशी तिची अपेक्षाच नसे.

बाबांनी खिशातली तीन पेनं काढून कप्प्यात ठेवली. मग पोलादी पट्टी काढली.

"ही चालेल ना? हिच्यात शाई नाही."

"धार आहे. बाहेर ठेवा."

बाबांनी पट्टीही ठेवली, पण मन घट्ट करून. ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी जगात कुठे ना कुठे पाच ग्रॅम कमी दिलं जातंय अशी शंका त्यांच्या डोळ्यांतून गेलेली नव्हती.

तेवढ्यात जिन्यावरून काकू वर आली. काखेत दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेलं सपाट बाड होतं. तिने सगळ्यांकडे थोडं हसून पाहिलं, बेसिनपाशी आली, बाही वर केली आणि हात धुवायला लागली.

बाबा भिंतीकडे बघून म्हणाले, "हिला कोणी बोलावलं?"

"मी," छकुली म्हणाली. "एकाच चित्राचे तीन ठसे आहेत, बाबा. तीन घरांत एकेक. तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय मी एक निवडू शकत नाही."

"कशी आहेस गं?" आत्याने काकूला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

अकरा वर्षांत बाबा काकूशी बोललेले नव्हते. तिचा उल्लेख करायची वेळ आलीच तर "ती" म्हणत. कारण घरात सर्वांना ठाऊक होतं, म्हणून कुणी ते उच्चारत नसे. आप्पा, म्हणजे बाबांचे आणि आत्याचे वडील, दिवसा शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे कोरत आणि संध्याकाळी स्वतःची चित्रं. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा हाताने फिरवायचा छापखाना होता. आप्पांचे हात शेवटपर्यंत थरथरले नाहीत, हे वाक्य बाबा प्रत्येक जेवणाच्या पंगतीत एकदा तरी म्हणत. बाबांच्या पासष्टाव्या वाढदिवसालाही ते म्हणाले. तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ, काकूचा नवरा, ताटावरून मान वर करून म्हणाला होता, "दादा, शेवटची चार वर्षं छापखाना हिनं चालवला. आप्पांना पाण्याचा पेला धरवत नव्हता."

बाबांनी घास खाली ठेवला. "बाप गेल्यावर त्याच्या नावात वाटा मागायला आलास? खोटारडा कुठला!" असं सर्वांसमोर म्हणाले. धाकटा उठला, काकू त्याच्यामागून उठली. दोघं परत कधी त्या घरात आले नाहीत. तीन वर्षांपूर्वी धाकटा वारला, तेव्हा बाबा गेले, शेवटच्या रांगेत उभे राहिले आणि कुणाशी न बोलता घरी आले.

आता आप्पांचं शेवटचं मुद्राचित्र, 'लाकडाची वखार', संग्रहालय घेणार होतं. सोमवारी समितीची बैठक होती. बाबांनी देणगीचं पत्र टाईप करून आणलं होतं. त्यात एक अट होती. चित्राखालच्या पाटीवर असं लिहिलं पाहिजे: रेखाटन, कोरणी आणि छपाई, सर्व कलाकाराच्या स्वतःच्या हातची.

त्या 'छपाई' या शब्दावरून छकुलीला दोन रात्री झोप नव्हती.

*

अभ्यासिका लांबट होती. खिडक्यांना दुहेरी पडदे, मधोमध करड्या फेल्टने मढवलेलं टेबल. टेबलाच्या टोकाला कागदाची डागडुजी करणारा सहकारी बसला होता. विभागात त्याला सगळे कागदवैद्य म्हणत. देणगी देणारी माणसं आपल्याच नात्यातली असली की अभिरक्षकाने एकट्याने निवाडा करायचा नाही, दुसऱ्याची सही लागते. म्हणून तो आला होता. तो फार बोलत नसे. बोलला तर कागदाविषयीच बोले.

"बोलताना कागदावर वाकायचं नाही," छकुली म्हणाली. "थुंकी उडते."

"दादा, ऐकलंस?" आत्या म्हणाली.

"तुला सांगतेय ती."

तिन्ही बाडं सोडली. ठसे शेजारी शेजारी ठेवले. नदीकाठची वखार: फळ्यांच्या चळती, एकीवर एक, आणि चळतींच्या मधल्या फटींमध्ये काळोख. माणूस एकही नाही. वरच्या कोपऱ्यात आभाळाची पट्टी.

मुद्राचित्र कसं होतं हे इथे एकदा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात. सुईने त्यात रेघा काढतात, म्हणजे तिथलं तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात बुडवला की उघड्या रेघा खोल खाल्ल्या जातात. मेण काढून टाकायचं, सगळ्या पत्र्याला शाई फासायची आणि मग वरची शाई पुसून काढायची. रेघांच्या खोबणीत शाई राहते, बाकी पत्रा स्वच्छ होतो. त्यावर ओला कागद ठेवून रुळाखालून काढला की चित्र उमटतं. दर वेळी नव्याने शाई, दर वेळी नव्याने पुसणं. म्हणून एकाच पत्र्याचे वीस ठसे वीस भावंडांसारखे असतात. नाक सारखं, चेहरा वेगळा. आणि खरं कसब पुसण्यात असतं. आधी जाळीदार कापडाने, शेवटी उघड्या तळहाताने. तळहात किती दाबून, किती हलका फिरवला, यावर पत्र्यावर शाईचा अगदी पातळ पदर राहतो, दुधावर साय धरायला लागते तेवढाच. वखारीतला काळोख त्या पदराचा होता.

"माझा सगळ्यांत चांगला," आत्या म्हणाली.

"तुझा पिवळा पडलाय."

"पिवळा नाही, जुना दिसतो तो."

"कुठे लावला होतास?" छकुलीने विचारलं.

"दवाखान्यात. लोक बसतात तिथे. खिडकीसमोर. लोकांचा वेळ जातो."

कागदवैद्याने डोळे मिटले आणि उघडले. "सतरा वर्षं ऊन," तो म्हणाला. त्याचं त्या दिवसातलं ते सर्वांत मोठं वाक्य होतं.

बाबांचा ठसा मात्र उन्हाने नाही, मुळातच बिघडलेला होता. एका बाजूला शाई गच्च, दुसरीकडे इतकी पुसलेली की फळ्यांच्या रेघा कशाबशा दिसत. आभाळात एक डाग. खालच्या कडेला बोटाचा अर्धा ठसा. बाबांनी तो पुठ्ठ्यातून काढताना जरासा झाकल्यासारखा केला होता.

मग सगळ्यांनी काकूच्या ठशाकडे पाहिलं. त्यातला काळोख खोल होता. डोळा आत शिरे आणि मागे नदी असेल असं वाटे, जी चित्रात नव्हतीच.

"हा," कागदवैद्य म्हणाला.

"हाच," छकुली म्हणाली. निवड करायला तिला एवढाच वेळ लागला. बाकीचं अवघड होतं.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "कुणाच्या घरातून का येईना, आप्पांचा आहे. पाटीवर मी म्हणतोय तेच लिहायचं. मग वारस म्हणून माझी सही घे."

"बाबा, ती छपाईची ओळ मला लिहिता येणार नाही."

"का?"

"कारण मला खात्री नाही."

बाबांनी मान हळूच काकूकडे वळवली. "हिनं काही सांगितलं वाटतं तुला."

"मी काकूला पत्राने बोलावलं. ती माझ्याशी आत्ता बेसिनपाशी पहिल्यांदा बोलली. तेही 'लिफ्ट बंद आहे का' एवढंच."

"बंद होती," काकू म्हणाली.

छकुलीने कपाटातून आणखी दोन कागद आणून वखारीच्या ठशांच्या वर ठेवले. ही आप्पांचीच वीस-पंचवीस वर्षं आधीची मुद्राचित्रं, संग्रहालयाने पूर्वीच विकत घेतलेली. मग तिने मोठा दिवा बंद केला आणि एक छोटा दिवा टेबलाच्या पातळीला आणून आडवा धरला. उजेड कागदावरून घसरत गेला. सपाट दिसणारा काळोख एकदम जिवंत झाला. त्यात फिकट वळणदार फराटे होते, तळहात फिरल्याचे.

"जुन्या दोन्ही चित्रांत बघा. फराटे कुठून कुठे जातात?"

"उजवीकडून खालून वर डावीकडे," बाबांनी मोजून सांगितलं. पट्टी नसली तरी त्यांचा डोळा होता.

"आता काकूच्या ठशात."

"डावीकडून खालून... वर उजवीकडे." बाबा थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे उजव्या हाताचे! फळा पुसताना उजवा हात असाच जातो, खाली डावीकडून वर उजवीकडे. मी शाळेत हजार वेळा पुसलाय. आप्पा उजवेच होते. ही डावखुरी. झालं तुझं समाधान? डॉक्टर, तूच सांग, डावखुरं माणूस असा फराटा काढेल का?"

आत्या खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकली. चाळीस वर्षांची सवय. समोरचं काही नीट दिसलं नाही की ती वाकतेच.

"नाही रे दादा," ती म्हणाली. "आरशातलं आहे ते."

"काय आरशातलं?"

"पत्र्यावर कागद पालथा घालतात ना? मग सगळं उलटं येणार. मी दाढ आरशातच बघते. डावी उजवी दिसते, शिकाऊ पोरं पहिले सहा महिने चुकीच्या दाढेला हात घालतात. इथे उजवीकडे जाणारा फराटा म्हणजे पत्र्यावर डावीकडे जाणारा." आणि मग आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं. "म्हणजे मी नुसतं सांगतेय. मला यातलं काय कळतं?"

"आत्ता बरोबर कळलं की," छकुली म्हणाली.

बाबांनी दोन्ही हात फेल्टवर ठेवले. "पत्रा आडवा धरून पुसला असेल. मग दिशा बदलेल की नाही?"

"बदलेल." छकुलीला बरं वाटलं. प्रश्न योग्य होता, आणि योग्य प्रश्न कुठूनही आला तरी तिला आवडे. "म्हणून मी एवढ्यावरून लिहिणार नाही. कागद फक्त सांगतो की शंकेला जागा आहे. पण एकच गोष्ट नाहीये, बाबा. शेवटच्या चार वर्षांत आप्पांनी सही बंद केली. छोटा शिक्का मारायला लागले."

"साधेपणा. सही म्हणजे मिरवणं, म्हणायचे ते."

"आणि चित्रं बघा. रेल्वेचे रूळ. कुंपण. वखार. त्याआधी झाडं, माणसं, जत्रेतली गर्दी. मग सगळ्या सरळ रेघा."

"ती त्यांची उत्तरकाळची शैली. वर्तमानपत्रात लिहून आलं होतं. कात्रण आहे माझ्याकडे."

"माहितीये. ते मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं."

आत्या अंगठी फिरवत बसली. मग ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "शेवटच्या वर्षी त्यांच्या दोन दाढा मी काढल्या. खुर्चीचे हात धरून बसायचे. मी म्हणायची, आप्पा, हात सैल सोडा. नाही सोडायचे. मला वाटलं, भीती. मग एकदा भूल चढली आणि हात सुटले. ट्रेवरची सगळी हत्यारं खाली पाडली त्या हातांनी."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तू विचारलंस?"

"त्या जेवणाला तू माझ्या शेजारी बसली होतीस! मी त्याला खोटारडा म्हटलं, तेव्हा तू मान हलवलीस!"

"मी पापड मोडत होते," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हलवली. तू थोरला होतास. वाढदिवस होता. सगळी माणसं बघत होती. म्हटलं, दोघं भाऊ आहेत, आठवड्यात बोलतील."

छकुली दिवा धरून तशीच उभी होती. माणसं भांडतात तेव्हा त्यांच्या हातांकडे बघायचं, अशी तिला सवय लागलेली. बाबांची बोटं फेल्टवर सरळ रेषेत होती, आत्याची अंगठीवर. काकूचे हात मांडीवर होते, डावा उजव्यावर, आणि अगदी स्वस्थ.

"काकू," ती म्हणाली, "विभागाची अभिरक्षक म्हणून विचारते. सांगायलाच हवं असं नाही."

"मला विचारतेस की कागदाला?"

"कागदाला विचारून झालं."

काकूने बाबांकडे पाहिलं. बाबा काकूच्या ठशाकडे बघत होते.

"आप्पांनी शब्द घेतला होता," काकू म्हणाली. तिचा आवाज बसच्या तिकीट खिडकीवर तीस वर्षं बसलेल्या माणसाचा होता. जास्त नाही, कमी नाही, मागच्या माणसाला ऐकू जाईल एवढा. "हात गेलेत हे बाहेर कळता कामा नये, म्हणाले. मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. यांनी एकदा दारातून बघितलं, मी पत्रा पुसत होते आणि आप्पा शेजारी बसून सांगत होते, इथे हलकं, इथे दाब. चित्र काढताना पट्टी मी धरायची, सुई ते चालवायचे. पट्टीच्या कडेला सुई टेकली की हात फार हलत नाही. म्हणून सरळ रेघा. पुसणं मात्र त्यांना जमेना. ते मी शिकले. वर्ष गेलं शिकण्यात. पहिले शंभर कागद त्यांनी माझ्यादेखत फाडले."

"फाडले?" कागदवैद्याच्या तोंडून निघून गेलं.

"चुकीचा ठसा घरात राहता कामा नये, म्हणायचे."

"मग हा कसा राहिला?" बाबांनी आपल्या ठशाकडे बोट केलं. आवाज चिडका होता, पण प्रश्न खराच होता. "सतरा वर्षं मी हा कपाटामागे ठेवलाय. हिला तो दिला, त्याला हा दिला, आणि मला सगळ्यांत घाण झालेला. मला वाटायचं, मी गावोगाव हिंडत होतो, वर्षातून दोनदा यायचो, म्हणून उरलंसुरलं मला. शंभर फाडले तसा हाही फाडायचा होता."

"तो माझा नाही," काकू म्हणाली.

"म्हणजे?"

"तो त्यांचा. वखारीचे वीस ठसे काढले, सतरा विकले गेले. त्या वीसांतला तेवढा एकच. पत्रा तयार झाला तेव्हा म्हणाले, पहिला मी काढणार. मला बाहेर स्टुलावर बसवलं आणि दार लावून घेतलं. तासाभराचं काम. सकाळी आठला आत गेले ते दुपारी दोनला बाहेर आले. बाहीला शाई, कानाला शाई. मला कागद दाखवला. म्हणाले, घाण झालाय ना? मी म्हटलं, झालाय. मला वाटलं फाडणार. तर म्हणाले, नाही, हा थोरल्याला. त्याचं कामच ते आहे, खरं माप कुठलं ते त्याला कळेल."

बाबांनी चष्मा काढला. पुसायला काही हवं म्हणून खिसा चाचपला, रुमाल सापडला नाही, तसाच परत लावला. मग उठले, टेबलाला वळसा घालून छकुलीच्या शेजारी आले, तिच्या हातातला दिवा घेतला आणि आपल्या ठशावर आडवा धरला. तिथे फराटे नव्हते. नुसतेच लहान लहान धक्के होते, सगळीकडे, एकमेकांवर चढलेले. कुठे दिशा नव्हती. एका जागी चार बोटं घसरलेली स्पष्ट दिसत होती.

ते बराच वेळ बघत राहिले. दिवा त्यांच्या हातात थोडा हलत होता. ऐंशीकडे झुकले होते तेही.

"तो खोटं बोलत नव्हता तर," ते म्हणाले.

"नाही," काकू म्हणाली.

माफी वगैरे मागण्याची या घराण्यात पद्धत नव्हती आणि काकूनेही ती मागून घेतली नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "मला पाटीवर नाव हवंय असं नाही भाऊजी. पण हे खोटं बोलले नव्हते, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं, असं मला वाटत आलंय."

*

छकुलीच्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगितलं तर ती थोडी कोरडी वाटेल, पण जे आलं ते आलं. तिच्या मनात आलं की दोन्ही ठसे हवेत. एकच पत्रा, एकच महिना. एक थरथरणाऱ्या हाताचा, एक शिकलेल्या हाताचा. शेजारी शेजारी ठेवले तर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पुसणं म्हणजे काय हे एका मिनिटात शिकवता येईल. एरवी ते समजावायला तिला तासभर लागे.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचासुद्धा द्याल का?"

"नाही."

"तो आता जास्त महत्त्वाचा आहे."

"म्हणूनच नाही." त्यांनी दिवा खाली ठेवला. "मी गेल्यावर ने. तोवर घरी राहील."

"निदान कपाटामागे ठेवू नका. आणि खिडकीसमोरही नको."

"माझ्याकडे का बघतेस?" आत्या म्हणाली.

कागदवैद्य न सांगता उठला. त्याने बाबांच्या ठशाचं माप घेतलं आणि आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचं पाकीट कापायला बसला. पात्याचा आवाज संथ येत राहिला.

काकूच्या ठशाचं प्रवेशपत्रक भरायला छकुलीने कागद पुढे ओढला. पेन्सिलीला टोक काढलं. बाबांनी टाईप करून आणलेलं पत्र त्यांनी स्वतःच चार घड्या घालून खिशात टाकलं होतं. आता त्यांनी खुर्ची तिच्या जवळ ओढली आणि तपासणीला बसल्यासारखे बसले.

"वाच."

"कलाकार: आप्पांचं पूर्ण नाव. शीर्षक: लाकडाची वखार. तांब्याच्या पत्र्यावरून, कागदावर."

"माप?"

"घेतलंय."

"पुन्हा घे."

तिने पुन्हा घेतलं. तेवढंच आलं.

"रेखाटन आणि कोरणी: कलाकार," ती म्हणाली आणि थांबली. "छपाई?"

बाबांनी टेबलाच्या पलीकडे पाहिलं. अकरा वर्षांत प्रथमच त्यांनी काकूला नावाने हाक मारली. मग छकुलीला म्हणाले, "हेच लिही. पूर्ण नाव. लग्नानंतरचं."

"पट्टीसुद्धा हिनंच धरली," आत्या म्हणाली. "तेही लिही."

"पट्टीचा रकाना नसतो, आत्या."

"मग करा. एवढे रकाने आहेत."

छकुलीने 'शेरा' या शब्दापुढे पट्टीचं लिहिलं. काकू खुर्चीत थोडी मागे टेकून बसली.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"एक राहिलं. माहितीचा स्रोत. छपाई कुणी केली हे आम्हाला कुठून कळलं, ते लिहावं लागतं. पुढे कुणी विचारलं तर." तिने पेन्सिल टेकवली. "मी काकूचं नाव घालते. प्रत्यक्ष सांगितलं, आजची तारीख."

"थांब," बाबा म्हणाले. "जे पहिल्यांदा सांगतात त्यांचं नाव घालतात ना?"

"हो. पहिल्यांदा सांगणाऱ्याचं."

"मग हिचं नाही."

छकुलीने वर पाहिलं.

"लिही: कलाकाराचा धाकटा मुलगा. नाव घाल. तोंडी सांगितलं, पाच जणांसमोर." ते सावकाश सांगत होते, एकेक शब्द तोलून. "तारीख एकोणीस ऑगस्ट. रविवार. दुपारी जेवताना."

"आणि साल?"

बाबांनी सालही सांगितलं.